ब्रेक्झिटवरची जनमत चाचणी हाती आली, की आधी काय बघायचं

दर दोन-तीन महिन्यांनी सांगलीहून दादाचा मेसेज येतो. एखाद्या बातमीचा फोटो असतो आणि खाली एकच ओळ: ‘काय गं, तुमच्याकडचे लोक पस्तावले म्हणे?’ असे मेसेज इतरांकडूनही येतात. प्रत्येकाला तेच ते पुन्हा लिहिण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, म्हणजे ब्रेक्झिट झालं, त्यानंतर इथल्या लोकांना युरोपशी मुक्त व्यापार हवा आहे का आणि युरोपातल्या माणसांनी मोकळेपणाने यावं-जावं हे त्यांना चालणार आहे का, यावरचे आकडे कसे वाचायचे, एवढाच हा विषय आहे.

मी सर्वेक्षणतज्ज्ञ नाही. पण लंडनजवळच्या स्लाऊमध्ये राहायला आल्यावर काही वर्षं एका कंपनीत संध्याकाळी पाच ते नऊ फोनवरून प्रश्न विचारायचं काम केलं. कानाला हेडसेट, समोर पडद्यावर प्रश्न, आणि मागे कोणीतरी अधूनमधून ऐकत असायचं. पहिल्या दिवशी एकच नियम घोटून घेतला होता. प्रश्नातला शब्द बदलायचा नाही. समोरच्याने ‘म्हणजे काय?’ विचारलं, तरी अर्थ समजावून सांगायचा नाही. प्रश्न होता तसाच पुन्हा वाचायचा. सुरुवातीला मला हे फार उद्धटपणाचं वाटायचं. महिनाभरात कळलं, की एक शब्द इकडचा तिकडे झाला तर उत्तर फिरतं.

माझी बाजूही आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला हिशेब धरता येईल. २३ जून २०१६ च्या सार्वमतात मी ‘रिमेन’ला, म्हणजे संघात राहण्याच्या बाजूने मत दिलं. तेव्हा माझा पासपोर्ट भारतीयच होता. इथे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मताचा हक्क होता, म्हणून मला मत देता आलं. आमच्या शेजारची पोलिश बाई माझ्या आधीपासून इथे राहत होती, कर भरत होती, तिची मुलं इथल्याच शाळेत होती. तिला मत नव्हतं. आमच्या स्लाऊने मात्र ५४ टक्के मतं ‘लीव्ह’ला, म्हणजे संघ सोडण्याला दिली.

आधी पूर्ण प्रश्न शोधा

बातमीतला आकडा बाजूला ठेवा आणि नेमकं काय विचारलं होतं ते शोधा. ब्रिटिश पोलिंग काउन्सिल ही चाचण्या घेणाऱ्या कंपन्यांची संघटना आहे. तिच्या सदस्य कंपन्यांना चाचणी जाहीर झाली की पूर्ण तक्ते संकेतस्थळावर टाकावे लागतात. त्यात प्रश्न शब्दशः असतो, किती लोकांना विचारलं ते असतं, कोणत्या तारखांना विचारलं तेही असतं. तक्ते पाहून बिचकू नका, पहिल्या दोन पानांत बहुतेक सगळं मिळतं.

प्रश्नाचे शब्द किती महत्त्वाचे, याचं उदाहरण सार्वमतातच आहे. २०१५ मध्ये सरकारने आधी प्रश्न ठेवला होता, तो असा: युनायटेड किंगडमने युरोपीय संघाचं सदस्य राहावं का? उत्तर हो किंवा नाही. निवडणूक आयोगाने म्हटलं, यात राहण्याकडे झुकाव दिसतो. मग प्रश्न ‘सदस्य राहावं की संघ सोडावा?’ असा झाला आणि हो-नाहीच्या जागी दोन पूर्ण वाक्यं आली. आठ-दहा शब्दांच्या प्रश्नावर एवढा खल झाला. दादाच्या बातमीत तर प्रश्न छापलेलाच नसतो.

मग बघा, प्रश्नात किंमत लिहिली आहे का

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबते.

युरोपीय संघाच्या सामायिक बाजारपेठेत चार गोष्टींना मोकळीक असते: माल, सेवा, भांडवल आणि माणसं. चारही एकत्रच घ्यायच्या, हा संघाचा पहिल्यापासूनचा हट्ट. माल हवा आणि माणसं नकोत, असं चालत नाही. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी जानेवारी २०१७ मध्ये लँकेस्टर हाऊसच्या भाषणात सामायिक बाजारपेठेतून बाहेर पडण्याचं जाहीर केलं, त्यामागे हेच होतं: बाजारपेठेत राहिलो तर येणाऱ्या माणसांवर ताबा राहणार नाही.

लोकांना विचारलं तर काय दिसतं? प्रा. जॉन कर्टिस यांनी नॅटसेन या संशोधन संस्थेसाठी २०१६ च्या शरद ऋतूत केलेला अभ्यास मी अजूनही सगळ्यांना दाखवते. युरोपातल्या कंपन्यांनी इथे आणि इथल्या कंपन्यांनी तिथे मोकळेपणाने माल विकावा का, असं विचारल्यावर साधारण ९० टक्के लोक हो म्हणाले. युरोपातून राहायला येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा असावी का, तर साधारण ७० टक्के हो. म्हणजे तीच माणसं दोन्हीला हो म्हणत होती. मग तिसरा प्रश्न आला: माल विकायची मोकळीक हवी असेल तर माणसांनाही मोकळं येऊ द्यावं लागेल, तुम्ही द्याल का? इथे देश जवळपास निम्मा-निम्मा फुटला.

आता तुम्हीच बघा. या एका अभ्यासातून तीन वेगवेगळे मथळे निघतात. ‘ब्रिटनला मुक्त व्यापारच हवा’, ‘ब्रिटनला स्थलांतर नको’, ‘ब्रिटन दुभंगलेला’. तिन्ही खरे आहेत आणि पहिले दोन एकेकटे वाचले तर दिशाभूल करतात.

त्या नोकरीत अशाच क्रमाचे प्रश्न मीही विचारलेत. एकदा लिंकनशरमधल्या एका वयस्क बाई फोनवर होत्या. तो सगळा कोबी-बटाट्याच्या शेतांचा भाग. तिथल्या बॉस्टन गावात लीव्हला ७५.६ टक्के मतं पडली, देशात सर्वांत जास्त. पहिल्या प्रश्नाला त्यांनी ताबडतोब हो म्हटलं, दुसऱ्यालाही. तिसरा प्रश्न वाचला आणि पलीकडे एकदम शांतता. मी नियमाप्रमाणे प्रश्न पुन्हा वाचला. मग त्यांनी विचारलं, ‘दोन्ही नाही का घेता येणार?’ पडद्यावर तसा पर्याय नव्हता. त्यांनी ‘माहीत नाही’ सांगितलं आणि मी ते बटण दाबलं. त्या बाई गोंधळलेल्या नव्हत्या. तोवर त्यांना कोणी किंमत सांगितलीच नव्हती, आणि सांगितल्याबरोबर त्या विचार करू लागल्या होत्या.

म्हणून कोणतीही चाचणी आली की मी प्रश्नात ‘त्या बदल्यात’ या अर्थाचे शब्द शोधते. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपियन कौन्सिल ऑन फॉरिन रिलेशन्स या अभ्यासगटाने प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ते होते: सामायिक बाजारपेठ मिळणार असेल तर त्या बदल्यात माणसांची मोकळी ये-जा मान्य आहे का? ६८ टक्के लोकांना मान्य होतं, आणि लीव्हला मत दिलेल्यांतही ५४ टक्क्यांना. २०१६ च्या निम्म्या-निम्म्याशेजारी हा आकडा ठेवला तर बदल मोठा वाटतो. दोन्ही ठिकाणी शब्द वेगळे आणि विचारणारे वेगळे, म्हणून मी टक्क्यांची सरळ वजाबाकी करत नाही. पण दोन्हींत किंमत सांगितलेली आहे, म्हणून दिशा बदलली एवढं नक्की धरते.

उलटही होतं. पुन्हा संघात जावं का, असं नुसतं विचारलं तर अलीकडे निम्म्याहून जास्त लोक हो म्हणतात. यूगॉव या चाचण्या घेणाऱ्या कंपनीने २०२५ च्या उन्हाळ्यात त्याला अटी जोडल्या: पाउंड सोडून युरो घ्यावा लागेल, पूर्वीच्या सवलती मिळणार नाहीत. पाठिंबा घसरून एक तृतीयांशाच्या आसपास आला. दादाने पाठवलेल्या बातमीत यातला पहिलाच भाग होता.

हे काही इंग्रजांचंच वैशिष्ट्य नाही. स्वित्झर्लंड संघाचा सदस्य नाही, पण करारांनी बांधलेला आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथल्या लोकांनी स्थलांतरावर कोटा लावायच्या बाजूने ५०.३ टक्के कौल दिला. सप्टेंबर २०२० मध्ये युरोपीय संघाशी असलेली माणसांची मोकळी ये-जा थेट संपवण्याचा प्रस्ताव आला. तो करार मोडला की त्याच्याशी जोडलेले सहा करारही मोडणार, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या वेळी ६१.७ टक्के लोक नको म्हणाले.

‘मुक्त’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरलाय, ते तपासा

माझी एक मैत्रीण स्लाऊमध्ये घरगुती फराळ करते. चकली, चिवडा, अनारसे, आणि सोबत साजूक तुपाच्या बरण्या. २०२० पर्यंत दिवाळीच्या आधी ॲमस्टरडॅम आणि फ्रँकफर्टच्या मराठी घरांना तिची खोकी जायची. जणू पुण्याहून नाशिकला पाठवतोय, एवढं सोपं होतं. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन आणि संघ यांच्यात नवा व्यापार करार आहे. त्यात आयातशुल्क शून्य, कोटा नाही. कागदावर हा मुक्त व्यापारच आहे. पण आता प्रत्येक खोक्यावर कस्टमचा फॉर्म लागतो, पलीकडे व्हॅट भरावा लागतो, आणि तूप तर जातच नाही, कारण दुधाचे पदार्थ असे पार्सलने संघात पाठवायला मनाई आहे. शून्य शुल्कही जो माल ब्रिटनमध्ये तयार झाला त्यालाच. भारतातून आलेला मसाला इथे नुसता पुडीत भरून आयर्लंडला विकला, तर तो ब्रिटिश माल ठरत नाही.

माझ्या मैत्रिणीला चाचणीत ‘युरोपशी मुक्त व्यापार असावा का?’ विचारलं, तर ती हो म्हणेल आणि तिच्या मनात २०२० पूर्वीचं खोकं असेल. मंत्री हो म्हणेल तेव्हा त्याच्या मनात शून्य शुल्काचा करार असेल. तक्त्यात दोघांची एकच खूण पडते. मुक्त व्यापार हा शब्द अमेरिकेबद्दल असेल तर चित्र आणखी बदलतं, कारण लगेच क्लोरीनने धुतलेल्या अमेरिकी कोंबडीचा, जिला इथे बंदी आहे, विषय निघतो आणि तोवर हो म्हणणारे सावध होतात. म्हणून कोणाशी व्यापार आणि कसल्या अडथळ्यांशिवाय, हे दोन्ही प्रश्नात आहे का ते बघा.

माणसांच्या बाबतीत घोळ याहून मोठा आहे. ‘स्थलांतर’ आणि युरोपीय ‘मुक्त संचार’, म्हणजे संघातल्या लोकांची बिनव्हिसा ये-जा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुक्त संचार ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री संपला. त्यानंतर गुणांवर आधारलेली व्हिसा पद्धत आली, २०२२ मध्ये वृद्धांची देखभाल करणाऱ्यांसाठी व्हिसा खुला झाला, आणि निव्वळ स्थलांतर, म्हणजे येणारे वजा जाणारे, २०२३ मध्ये वर्षाला ९ लाखांच्या वर गेलं. यातली बहुतेक माणसं युरोपीय संघातून आलेली नव्हती. संघातून येणाऱ्यांपेक्षा तिकडे जाणारे जास्त होते. येणाऱ्यांत सर्वांत मोठा गट आपला, भारतीयांचा होता. पुढे नियम कडक झाले आणि आकडा झपाट्याने उतरला.

त्यामुळे २०२३ नंतरच्या चाचणीत कोणी ‘स्थलांतर फार झालं’ म्हटलं, तर त्याचा अर्थ त्याला पोलंडची माणसं नकोत असा काढू नका. बरेचदा त्याच्या डोळ्यांसमोर फ्रान्सकडून इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्या छोट्या होड्या असतात. तोच माणूस फ्रान्सच्या तरुणांना दोन वर्षं इथे काम करू द्यायला तयार असतो. राजकारण्यांना हे चांगलं कळतं, म्हणून ते शब्द जपून निवडतात. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये तरुणांसाठी ये-जा करण्याची योजना मांडली. मे २०२५ मध्ये लंडनला ब्रिटन आणि संघाची शिखर बैठक झाली, तेव्हा त्याच कल्पनेचं नाव ‘युवा अनुभव योजना’ झालं होतं. ये-जा हा शब्दच गळला. चाचणीत यांतला कोणता शब्द वापरलाय ते बघितल्याशिवाय टक्केवारीला हात लावू नका.

आणखी एक गोष्ट त्याच जागी बघा: ये-जा दोन्ही बाजूंची सांगितली आहे की फक्त ‘ये’? ‘युरोपीय लोकांनी इथे येऊन राहावं का?’ हा एक प्रश्न. ‘तुम्ही तिकडे आणि त्यांनी इकडे राहावं का?’ हा दुसरा. स्पेनमध्ये म्हातारपण काढायचं स्वप्न असलेली माणसं इथे गल्लोगल्ली आहेत. दुसरा प्रश्न ऐकल्यावर त्यांना आधी स्वतःचं घर दिसतं.

‘पस्तावले’ म्हणजे कोण?

यूगॉव कित्येक वर्षं एक प्रश्न त्याच शब्दांत विचारते आहे: मागे वळून बघता संघ सोडायचं मत देणं बरोबर होतं की चूक? अलीकडे साधारण ५५ टक्के लोक चूक म्हणतात आणि ३० च्या आसपास बरोबर म्हणतात. सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी लीव्ह निवडलं होतं, म्हणून बातमीवाला लिहितो: लोक पस्तावले.

पण लीव्हला मत दिलेल्यांचा वेगळा रकाना बघा. त्यांच्यातले बहुसंख्य आजही ‘बरोबर’ म्हणतात. काहींचं मत खरोखर बदललं आहे, ते नाकारत नाही. पण त्या वेळचे मतदार बरेचसे वयस्क होते, आणि वयस्कांत लीव्ह जास्त होतं. त्यातले कित्येक आज हयात नाहीत. २०१६ ला नऊ वर्षांची असलेली मुलं आता अठराची होऊन चाचणीत उत्तरं देत आहेत, आणि तरुणांत संघाबद्दलचा ओढा कितीतरी जास्त आहे. आकडा बदलला त्यात पश्चात्ताप किती आणि पिढी बदलल्याचा भाग किती, हे मथळ्यात कधी येत नाही.

रकान्यांबद्दल एक इशारा. हजार लोकांच्या चाचणीत आकडा साधारण ३ टक्के इकडे किंवा तिकडे असू शकतो, असं धरतात. दोन हजारांच्या चाचणीत स्कॉटलंडचे लोक असतात पावणेदोनशेच्या आसपास, आणि तेवढ्यांवर हा फरक सात-आठ टक्क्यांपर्यंत जातो. ‘स्कॉटलंडमध्ये पाठिंबा चार टक्क्यांनी घटला’ अशी बातमी असेल तर पुढे सरका.

चाचणी फोनवर घेतली की ऑनलाइन, तेही बघून ठेवा. २०१६ च्या वसंतात आमच्यासारख्या फोनच्या चाचण्यांत रिमेन बरंच पुढे दिसायचं आणि ऑनलाइन चाचण्यांत दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीत. पहिल्याच घंटेला फोन उचलून वीस मिनिटं बोलणारा माणूस आणि चौथ्यांदा फोन केल्यावर सापडणारा माणूस सारखे नसतात, हे मी रोज अनुभवत होते.

भारताशी झालेल्या कराराच्या बातम्यांनाही हेच लावा

२४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटन यांच्या व्यापार करारावर सह्या झाल्या. स्कॉच व्हिस्कीवरचं भारतातलं १५० टक्के शुल्क आधी ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर येणार, भारताच्या जवळजवळ सगळ्या मालाला इथे शुल्क नसावं, असं ठरलं. सोबत आणखी एक तरतूद होती: कंपनीने तात्पुरतं पाठवलेल्या कर्मचाऱ्याला तीन वर्षं दोन्हीकडे सामाजिक सुरक्षेचा हप्ता भरावा लागू नये. इथल्या विरोधी पक्षांनी तिला लगेच भारतीय कामगारांना दिलेली करसवलत म्हटलं. ‘भारताशी व्यापार वाढावा का?’ आणि ‘भारतीय कामगारांना सवलत द्यावी का?’ हे दोन प्रश्न एकाच कराराबद्दल विचारता येतात आणि उत्तरं एकमेकांच्या तोंडावर मारल्यासारखी येतील.

२०१६ मध्ये आमच्या ओळखीतल्या काही मराठी घरांनी लीव्हला मत दिलं, ते अशाच एका आशेवर. तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल करी हाऊस, म्हणजे इथली भारतीय पद्धतीची हॉटेलं, वाचवण्याची मोहीम चालवत होत्या: युरोपवाल्यांना बिनव्हिसा येता येतं आणि आपल्या आचाऱ्याला व्हिसा मिळत नाही, संघ सोडला की न्याय होईल. हा मुद्दा मला तेव्हाही पोकळ वाटला नव्हता. कोल्हापूरच्या भाच्याच्या व्हिसासाठी फाइल घेऊन खेटे घातलेल्या माणसाला रुमेनियाहून नुसत्या ओळखपत्रावर येणारा दिसतो, तेव्हा त्याला डाचतं. चाचणीत त्याची नोंद ‘मुक्त संचाराला विरोध’ अशी होते. त्याला संचाराला विरोध करायचा नव्हता, त्याला रांगेत बरोबरीची जागा हवी होती.

स्वतः करून बघायचं असेल तर

मंडळाच्या एखाद्या कार्यक्रमात, चहाच्या वेळात हे जमतं. चाळीस-पन्नास माणसं पुरेत. दोन रंगांच्या चिठ्ठ्या करा. पांढऱ्या चिठ्ठीवर: ‘युरोपातल्या लोकांना व्हिसाशिवाय ब्रिटनमध्ये राहू-काम करू द्यावं का?’ पिवळ्या चिठ्ठीवर: ‘युरोपात माल विकताना कस्टमचे कागद लागणार नसतील आणि आपल्या मुलांना तिकडे व्हिसाशिवाय राहता-काम करता येणार असेल, तर त्या बदल्यात युरोपातल्या लोकांनाही इथे तसंच येऊ द्यावं का?’ दोन्हींखाली तीन चौकोन: हो, नाही, माहीत नाही. चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसून वाटा, म्हणजे एका रंगाच्या एकाच टेबलावर जाणार नाहीत. नवरा-बायकोला शेजारी बसून भरू देऊ नका. कोणी अर्थ विचारला तर सांगू नका, मजकूर पुन्हा वाचून दाखवा.

मी हे २०१९ च्या गणपतीत केलं होतं. पांढऱ्या चिठ्ठ्यांत ‘नाही’चा ढीग मोठा झाला आणि पिवळ्यांत ‘हो’चा, आणि लोक एकमेकांकडे बघत राहिले. एवढ्या माणसांवरून देशाबद्दल काहीही म्हणता येत नाही, ते मी तिथेही सांगितलं. मोजताना ‘माहीत नाही’च्या चिठ्ठ्या बाजूला टाकू नका, त्यांचा वेगळा ढीग ठेवा. आमच्याकडे त्या ढिगातल्या सगळ्या पिवळ्याच निघाल्या, आणि एकीवर चौकोनांच्या खाली पेनाने लिहिलेलं होतं: ‘किती वर्षांसाठी?’